मैदानाला पैसा आहे, ताईच्या मानधनाला नाही : शाळेबाहेरच्या उपक्रमांचं अर्थकारण

धडगाव, अक्कलकुवा, साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या डोंगराकडच्या एखाद्या गावात संध्याकाळी पाचच्या सुमारास गेलात, तर जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात दहा-वीस पोरं हमखास दिसतील. चेंडू असला तर क्रिकेट, नसला तर कबड्डी. मुली त्यात कमीच. कुणी पाण्याला गेलेली, कुणी चुलीपाशी, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन कडेला उभी. या पोरांना नियमाने शिकवणारं कुणी मिळालं, गोष्टीची शंभर पुस्तकं आली, वर्षातून दोनदा तालुक्याच्या सामन्यांना जायला गाडी मिळाली, तर त्याला खर्च किती येईल आणि तो कुणी उचलायचा, हा या लेखाचा विषय.

ग्रामसभेत हा विषय काढला की एखादा आजा म्हणतोच, "पोरे ते खेयतसच, त्याले पैसा कसाले?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पोरं आपापली खेळतात हे खरंच. पण जळगावच्या रिंगरोडवर राहणारा मुलगा शाळेनंतर पोहायला जातो, तबला शिकतो, स्केटिंगला जातो आणि त्याची फी त्याचे आईवडील भरतात. मजुरी करणाऱ्या घरात ती फी भरणारं कुणी नसतं. शाळेतली पुस्तकं दोघांना सारखी मिळतात. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या तीन तासांत दोघांमधलं अंतर वाढत जातं. ते तीन तास भरून काढायचे तर पैसा सार्वजनिक खिशातून किंवा लोकांच्या खिशातून यायला हवा.

आधी हिशेब मांडू. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्या एका गावाचे नाहीत. समजा, चाळीस मुलामुलींसाठी रोज दोन तासांचं केंद्र चालवायचं आहे. खेळ, वाचन, थोडी गाणी-नाटुकली. वर्षातले दहा महिने, महिन्याला २२ दिवस.

गावातल्याच बारावी झालेल्या एका ताईला महिना ५,००० रुपये मानधन दिलं तर वर्षाचे ५०,००० होतात. मुठीभर फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायचा म्हटला तर मुलामागे रोजचे ८ रुपये धरा. चाळीस मुलांचे वर्षाला ७०,४००. चेंडू, नेट, दोऱ्या, चुना, प्रथमोपचाराची पेटी मिळून १५,०००. पुस्तकं १०,०००. सामन्यांचा प्रवास १२,०००. वीजबिल आणि बारीकसारीक ३,०००. हिशेबनीस आणि लेखापरीक्षण ८,०००. बेरीज १,६८,४०० रुपये. म्हणजे मुलामागे वर्षाला ४,२१०, दहा महिन्यांत विभागले तर महिन्याला ४२१ रुपये. शहरात एका क्लासची महिन्याची फी बऱ्याचदा याहून जास्त असते.

या यादीकडे जरा नीट बघा. मानधन आणि खाऊ मिळून १,२०,४०० रुपये, म्हणजे खर्चाचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग. हे दोन्ही खर्च दर महिन्याला पुन्हा उभे राहणारे. आणि आपल्याकडच्या बहुतेक योजना नेमक्या यांनाच पैसे देत नाहीत. अख्ख्या विषयाची मेख इथे आहे.

सरकारी प्रत्येक रुपयाला लेखाशीर्ष असतं, तालुक्याच्या भाषेत 'हेड'. ज्या हेडचा पैसा त्याच कामाला. बांधकामाच्या हेडमधून मानधन दिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकाच्या अंगावर येते. (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालंय, पण गावात अजून 'भाऊसाहेब'च.) त्यामुळे भाऊसाहेब "बसत नाही" म्हणाले तर दर वेळी ती टाळाटाळ नसते. कुठल्या हेडमध्ये बसेल हे आपणच शोधून नेलं तर तेही खुशीने सही करतात.

पण सरकारला भिंत परवडते आणि माणूस परवडत नाही, असं का? एक तर भिंत मोजता येते. अभियंता येतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, फोटो काढला जातो, फलक लागतो, भूमिपूजनाला नारळ फुटतो. पोरीने वर्षभरात न घाबरता चार लोकांसमोर बोलायला शिकल्याची नोंद कुठल्या पुस्तिकेत करणार? दुसरं कारण जास्त खरं आहे. एकदा कुणाला महिन्याला मानधन सुरू केलं की ते पुढे चालू ठेवावं लागतं, वाढवावं लागतं, आणि उद्या तो माणूस कायम करा म्हणून कोर्टात गेला तर उत्तर द्यावं लागतं. अर्थखात्याला ती कटकट नको असते.

आता कुठला पैसा कशाला चालतो ते पाहू. ग्रामपंचायतीपासून सुरुवात करू, कारण तिथे आपल्याला तोंड उघडायचा हक्क आहे.

ग्रामपंचायतीकडे दोन तऱ्हेचा पैसा असतो. एक, वित्त आयोगाचा, म्हणजे आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राकडून येणारा. १५व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. एप्रिल २०२६ पासून १६व्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा नव्या अटी तालुक्यावरून ताज्या विचारून घ्या. पण १५व्या आयोगातली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे : अबंधित पैसासुद्धा पगार आणि आस्थापना खर्चाला चालत नव्हता. 'अबंधित' ऐकून हरखून गेलेल्या कितीतरी मंडळांचे अर्ज याच दगडाला ठेचकाळले.

अबंधित पैसा राज्यघटनेच्या ११व्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करायचा असतो. त्या यादीत शिक्षण आहे, ग्रंथालयं आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, महिला व बालविकास आहे, दुर्बल घटकांचं कल्याण आहे, जत्रा आणि बाजारसुद्धा आहेत. खेळ मात्र नावानिशी नाही. शहरांसाठीच्या १२व्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे शहादा किंवा अमळनेर नगरपरिषदेकडे मैदान मागताना घटनेतली ओळ दाखवता येते. शेजारच्या खेड्यातल्या पोराला ती सोय नाही. म्हणून गावच्या ठरावात नुसतं 'क्रीडा साहित्य' लिहिण्यापेक्षा 'बालविकास व वाचनालय केंद्र' असं लिहून त्यात खेळाचं साहित्य घालावं. यात लबाडी काहीच नाही. केंद्र तसंच चालणार आहे, फक्त नाव यादीत सापडलं पाहिजे.

दुसरा पैसा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा : घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारकर, गाळ्यांचं भाडं. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तीन लाख उत्पन्नाची ग्रामपंचायत धरली तर ४५,००० आणि ३०,००० रुपये झाले. अनेक गावांत हा पैसा मार्च महिन्यात घाईघाईने भांडी, सतरंज्या, नाहीतर खुर्च्या घेण्यात संपतो. खुर्च्यांचं माझं काही वाकडं नाही, पण दर वर्षी त्याच? मोठ्या ग्रामपंचायतींमध्ये, म्हणजे रावेर-यावलकडच्या केळीच्या गावांत किंवा एमआयडीसीला लागून असलेल्या गावांत, ही रक्कम बरीच जास्त भरते. तिथे केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुरांची वस्ती गावकुसाबाहेर असते आणि त्यांच्या पोरांसाठी याच हेडमधून काही होऊ शकतं, हे मागितल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही.

जिल्हा परिषदेचंही असंच आहे. तिच्या सेस फंडातले, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातले, २० टक्के समाजकल्याणाला, १० टक्के महिला व बालकल्याणाला राखीव असतात. महिला व बालकल्याण समितीच्या योजनांमध्ये मुलींना ज्युडो-कराटेचं प्रशिक्षण ही एक योजना असते. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिथे शिकवणाऱ्याला पैसे मिळतात. काही आठवड्यांचंच प्रशिक्षण असतं, हे खरं. पण ज्या घरात पोरीला संध्याकाळी मैदानावर पाठवायला आईचा जीव धजत नाही, तिथे 'जिल्हा परिषदेचा कराटे वर्ग' म्हटल्यावर दार उघडतं. वर्ग संपल्यावर त्याच मुलींचा गट टिकवून त्याची खो-खोची टीम करणं हे पुढचं काम. त्याला फारसा पैसा लागत नाही, पण सोबत करणारी एक बाई लागते.

आदिवासी भागाची गोष्ट वेगळी आहे, आणि चांगल्या अर्थाने. खान्देशात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी (म्हणजेच धडगाव) हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या (आदिवासींसाठी अर्थसंकल्पात वेगळ्या ठेवलेल्या निधीच्या) पाच टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळते. तिलाच 'पाच टक्के अबंध निधी' म्हणतात. तो आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो आणि ग्रामसभा कोषाच्या खात्यातून खर्च होतो. खर्चाचे चार गट आहेत : पायाभूत सुविधा; वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी; आरोग्य, स्वच्छता, शिक्षण; आणि वनीकरण, जलसंधारण वगैरे. आपला विषय तिसऱ्या गटात बसतो. गावाचा, किंवा स्वतंत्र ग्रामसभा असलेल्या पाड्याचा, आराखडा ग्रामसभेने मंजूर केलेला असेल तर वरच्यांना त्याला नाही म्हणणं जड जातं. आडकाठी सहसा वरून येत नाही. ग्रामसभेला माणसंच जमत नाहीत, आणि इतिवृत्त नंतर घरी बसून लिहिलं जातं.

याच भागात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत : नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल. प्रकल्प अधिकाऱ्याकडे न्यूक्लिअस बजेट नावाची योजना असते. नेहमीच्या योजनांत न बसणाऱ्या स्थानिक गरजांसाठीच ती काढलेली आहे आणि तिच्यात प्रशिक्षणालाही जागा आहे. कार्यालयाची जाहिरात निघते तेव्हा अर्ज करावा लागतो. जाहिरात नोटीस बोर्डावर लागते आणि बोर्ड वाचायला कुणी जात नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या तालुका पानावर डोळा ठेवावा.

बांधकाम आणि साहित्यासाठीच्या योजना सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे भराभर सांगतो. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अनुदानाच्या योजना आहेत. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, खासदाराचाही ५ कोटी. खासदार निधीतला १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावा असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दोन्ही मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडे सर्वसाधारण, आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जाती उपयोजना असे तीन आराखडे असतात, शिवाय नावीन्यपूर्ण योजनांसाठी थोडा हिस्सा बाजूला ठेवलेला असतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दर वर्षी खेळाच्या साहित्यासाठी पैसे येतात : प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,००० पर्यंत.

हे शेवटचं नीट वाचा. म्हणजे चेंडू गावात बहुतेक आलेलाच असतो. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपाच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीसकट असतो. हरवला तर भरून कोण देणार, म्हणून बाहेर निघत नाही. गुरुजींनाही दोष देता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, त्यांच्या नावावर असतं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिलीय, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने 'शाळा सुटल्यावर साहित्य अमुक ताईच्या सहीने बाहेर जाईल, तुटफुटीची जबाबदारी समितीची' असा ठराव केला की कपाट उघडतं. आपल्या हिशेबातले पंधरा हजारांतले निम्मे इथेच वाचले.

मग ताईचं मानधन कुठून आणायचं? सरकारी दारांपैकी फार थोडी त्यासाठी उघडतात. उरतात कंपन्या आणि माणसं.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, गावाकडे दोन टोकाचे समज आहेत. एक, कंपनीवाले पैसे वाटत फिरतात. दुसरा, हे सगळं मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचं काम. कायदा असा आहे : कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करायचा. सरासरी १० कोटी नफा असेल तर वर्षाला २० लाख. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायद्यात म्हटलंय. खान्देशाला इथे मार बसतो. मोठे कारखाने जळगाव-भुसावळ पट्ट्यात, शिरपुरात, थोडे नंदुरबारच्या एमआयडीसीत. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्याला 'परिसर' म्हणणारा कारखानाच नाही. नंदुरबार २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ज्या कंपन्यांना परिसराबाहेर काम करायचं असतं त्यांच्यापुढे अर्जात ही गोष्ट पहिल्याच ओळीत मांडावी.

याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 'ग्रामीण खेळांना चालना देण्यासाठी प्रशिक्षण' असा स्पष्ट उल्लेख आहे. प्रशिक्षण म्हणजे शिकवणारं माणूस आलंच. कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण प्रत्यक्ष उपक्रम राबवण्याचा खर्च त्या मर्यादेत धरला जात नाही. तेव्हा ताईचं मानधन 'पगार' म्हणून वेगळं न काढता उपक्रमाच्या अंमलबजावणीचा खर्च म्हणून दाखवायचं. ते खरंही आहे आणि नियमातही बसतं. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतो. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही हेडमध्ये एवढी निश्चिंती मिळत नाही.

आणि एकाच दिवसाचा कार्यक्रम, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ हे सीएसआरमध्ये धरू नयेत असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. आपल्याकडे मात्र पैसा सगळ्यात सहज मिळतो तो चषकांना. कुणाच्या वाढदिवसाचा चषक, कुणाच्या नावाची कुस्त्यांची दंगल, पहिलं बक्षीस अमुक हजार, मंडप, डीजे, रात्रीचे दिवे. दोन दिवसांच्या त्या खर्चात वरच्या हिशेबातलं केंद्र वर्षभर सहज चाललं असतं. जत्रेतल्या इनामी कुस्त्यांची परंपरा मला आवडते. सारंगखेड्याची यात्रा असो की गावची छोटी जत्रा, आखाड्याभोवतीच्या गर्दीची मजा और असते. पण बक्षीस घेऊन जाणारा पैलवान दुसऱ्या जिल्ह्यातल्या तालमीत तयार झालेला असतो, आणि गावचा पोरगा टाळ्या वाजवायला.

सीएसआरसाठी संस्थेची कागदपत्रं पक्की लागतात. नोंदणी, पॅन, आयकराची १२ए आणि ८०जी नावाने ओळखली जाणारी प्रमाणपत्रं, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. नव्या युवक मंडळाकडे यातलं काही नसतं. अशा वेळी तालुक्याच्या जुन्या संस्थेचा हात धरावा. खातं तिचं, काम तुमचं, आणि दोघांत लेखी करार. मात्र त्या संस्थेकडे परदेशी देणगी असेल तर ती तुमच्याकडे वळवता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देण्यावर पूर्ण बंदी आहे. पूर्वी मोठ्या संस्थांकडून झिरपत खेड्यापर्यंत येणारा एक ओघ त्यामुळे आटला.

राहिली लोकवर्गणी. खान्देशात गणपती, नवरात्र, कानबाईचा उत्सव, सप्ताह सगळं वर्गणीवर चालतं, तेव्हा लोक देत नाहीत असं म्हणायची सोय नाही. फरक इतकाच की उत्सवाची वर्गणी एकदा द्यायची असते आणि आपल्याला ती दर महिन्याला हवी असते. ताईचं मानधन ५,००० रुपये म्हणजे दोनशे रुपये देणारी पंचवीस माणसं. सुरतला, पुण्याला, नाशिकला नोकरीला गेलेली गावची पोरं शोधली तर पंचवीस नावं होतात. माझं मत विचाराल तर मानधनाचा पैसा इथूनच उभा करावा आणि वस्तूंचा सरकारकडून घ्यावा. उलट करायला जाणारे, म्हणजे वर्गणीतून शेड बांधणारे आणि मानधनासाठी मंत्रालयात खेटे घालणारे, बहुतेक दुसऱ्या वर्षी थकलेले दिसतात.

वर्गणीला दोन नियम आहेत. तुमचं मंडळ नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन वर्गणी गोळा करायची. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. आणि देणगीदाराला करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. शिवाय नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला ही सवलत मिळतच नाही. 'दान द्या, कर वाचवा' असं पत्रकावर छापण्याआधी हे माहीत असलेलं बरं, नाहीतर पुढच्या वर्षी तोच माणूस फोन उचलत नाही.

आता एक अडचण, जी कुठल्याही योजनेच्या पुस्तिकेत लिहिलेली नसते. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. मान्यता, निविदा, बीडीएस (निधी वाटपाची सरकारी ऑनलाइन प्रणाली) असं करत करत पैसा हातात पडतो तो बऱ्याचदा फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर खर्च झाला नाही तर बऱ्याच हेडचा पैसा परत जातो. याच महिन्यांत नंदुरबार आणि साक्रीकडची कुटुंबं दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीवर असतात, चाळीसगावकडच्या तांड्यांतली पश्चिम महाराष्ट्रात कोयत्यावर. दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. पोरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात मागे राहतात. सातपुड्यात होळीला माणसं कुठूनही परततात, त्यातली काही सण करून पुन्हा निघतात. म्हणजे पैसा येतो तेव्हा पोरं नाहीत, आणि जूनमध्ये पोरं येतात तेव्हा नव्या वर्षाचा पैसा कागदावर. मग मार्चमध्ये जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे : साहित्याची बिलं निघतात, गठ्ठे येऊन पडतात, फोटो होतो.

यावर तोडगा म्हणजे आपलं कॅलेंडर वेगळं आखणं. जून ते दिवाळी हा मुख्य काळ, त्यातही कापूस वेचणीच्या दिवसांत केंद्र सकाळी किंवा अंधार पडल्यावर. नोव्हेंबर ते मार्च गावात राहिलेल्या मुलांचा छोटा गट, त्याचा खाऊ आणि मानधन वर्गणीतून. मार्चमध्ये आलेल्या सरकारी पैशातून फक्त टिकणाऱ्या वस्तू घ्यायच्या. त्या जूनमध्ये कामाला येतात. प्रस्तावात मुलांची संख्या लिहिताना महिनावार तक्ता द्यावा, पावसाळ्यात चाळीस आणि जानेवारीत पंधरा, कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जानेवारीत पंधराच दिसणार आहेत.

मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिस पडताळणी करून घ्यावी आणि केंद्रात एकटा पुरुष मुलींसोबत राहणार नाही एवढा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. देणगीदार कंपनी याबद्दल लेखी धोरण मागते आणि ते मागणं योग्यच आहे.

सुरुवात कधी करायची, तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला. 'आमचा गाव, आमचा विकास' या गावाच्या नियोजनाच्या उपक्रमाखाली पुढच्या वर्षाचा आराखडा त्या सुमारास तयार व्हायला लागतो, आणि आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर पैसे मिळवणं फार अवघड. त्याआधी महिलासभा आणि बालसभा घ्यायची असते. बालसभेत पोरांनी स्वतः मागणी मांडली की तिची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. ठराव मोघम नको. साधारण असा असावा : 'गावातील ६ ते १८ वयोगटातील मुलामुलींसाठी जिल्हा परिषद शाळेच्या आवारात शाळा सुटल्यानंतर बालविकास व वाचनालय केंद्र सुरू करण्यास ही सभा मान्यता देत आहे. पुस्तके व साहित्याचा खर्च अबंधित निधीतून, मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च १० टक्के महिला व बालकल्याण निधीतून करावा. केंद्रचालकाचे मानधन लोकसहभागातून देण्यात येईल व त्याचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवण्यात येईल.' सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या, एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्यायला विसरू नका.